सातवे वळण

घाटाच्या सातव्या वळणावर अकराही परदेशी परीक्षकांचे ट्रक समोरून येणाऱ्या बसवर आदळले होते; घरातल्या तिघांपैकी कोणाचाही ट्रक एकदाही आदळला नव्हता.

यामिनी आणि तिचा भाऊ हृषीकेश यांनी ट्रक चालवण्याच्या एका व्हिडिओ गेमला सह्याद्रीतला घाट जोडणारा मोड रचला होता. तो आधी परीक्षकांनी आणि घरच्यांनी खेळून पाहिला होता; सहा वाजता तो सर्वांसाठी खुला व्हायचा होता. आता पाच वाजले होते. दोष तसाच राहिला, तर दोन वर्षांचे काम पहिल्याच तासात हसण्यावारी जाणार होते.

"ताई, घाटदेवीला नारळ द्यायचा राहिला."

"देवीने कोड लिहिलेला नाही, मी लिहिलाय. तू रस्ता तपास."

रस्त्याची रुंदी, ट्रकचा वेग, संगणकांची क्षमता तपासून झाली, फरक सापडेना. साडेपाचला तिने वडिलांना पुन्हा खेळायला बसवले आणि पडद्याऐवजी त्यांच्या हातांकडे पाहिले. सातव्या वळणाआधी त्यांचा अंगठा एका बटणावर पडला.

"बाबा, आत्ता काय दाबलंत?"

"हॉर्न. आंधळं वळण आहे. तीस वर्षं घाटात बस चालवली. न वाजवता कोण वळतं?"

"मीही वाजवतो," हृषीकेश म्हणाला. यामिनीही वाजवत असे. दोघांना गाडी बाबांनीच शिकवली होती.

तिने बसचा कोड उघडला. हॉर्न ऐकला की बसने थांबावे, असे तिने लिहिले होते. हॉर्न ऐकू आला नाही, तर बसने काय करावे, हे लिहिलेच नव्हते. अकरा परीक्षकांपैकी एकानेही हॉर्न वाजवला नव्हता.