दोन इंच

शिवणाच्या दुकानात मोजायची नवी टेप जुन्या टेपशेजारी पसरली आणि मास्तरीणबाईंचा हात थांबला. दोन्ही टेपांची टोकं एकाच जागी धरलेली होती, तरी जुनीवरचे चाळीस नवीवरच्या बेचाळिसासमोर येत होते. त्यांनी पुन्हा एकदा नीट लावून पाहिलं आणि नवऱ्याला हाक मारली.

मास्तर इस्त्री बाजूला ठेवून आले, चष्मा वरखाली करत टेपा न्याहाळू लागले आणि मटकन स्टुलावर बसले. बारा वर्षं ओढून ओढून टेप चांगली सैलावली होती. माप त्याच टेपनं घ्यायचं आणि कापडही तिनंच बेतायचं, त्यामुळे कपडे अंगाला झक्क बसायचे आणि कुणाला काही पत्ताच लागला नव्हता.

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांच्या कंबरा कमी करून सांगतोय?"

"आणि लोक खूश आहेत," बाई म्हणाल्या. "कुणी तक्रार केलीय? मग उगाच आपल्याच पायावर धोंडा कशाला मारून घ्यायचा?"

समोर चकाचक दुकान उघडलं तरी गिऱ्हाईक आपल्याकडेच का येतं, याचं उत्तर मास्तर आजवर आपल्या कात्रीत शोधत होते. ते आज टेपमध्ये सापडलं. बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात साहेब दुकानात शिरले. जमिनीच्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेला हा दिलखुलास माणूस. कंबर चाळीसवर आणा, नाहीतर औषध सुरू करतो, असं डॉक्टरांनी दरडावलं होतं. तेव्हापासून चार महिने साहेब रोज पहाटे उठून फिरत होते आणि दर पहिल्या तारखेला मास्तरांकडे येऊन माप देत होते. घरच्या टेपवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण ती बायकोच्या हातात असायची.

"मोजा, मास्तर!" साहेबांनी दोन्ही हात वर केले.

बाईंनी नवी टेप कापडाखाली सारली आणि जुनी पुढे केली. मास्तरांनी निमूटपणे ती साहेबांच्या कमरेभोवती फिरवली.

"चाळीस," ते पुटपुटले.

साहेबांनी दुकानातच गिरकी घेतली. "जिंकलो! वहिनी, उद्यापासून पहाटेचं फिरणं बंद. डोक्यावरून पांघरूण घेऊन आठपर्यंत झोपणार. आणि जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेणार. डॉक्टरांना म्हणावं, तुमचं औषध तुम्हीच घ्या!"

मास्तर टेपची गुंडाळी करत राहिले. सांगावं तर बारा वर्षांची अब्रू जाते, न सांगावं तर हा भला माणूस हसत हसत घरी जाऊन दुखणं ओढवून घेणार.

"साहेब, झोपू नका!" मास्तरीणबाई एकदम ओरडल्या.

साहेब चमकून वळले. आता लपवण्यात काही अर्थच नव्हता. मास्तरांनी कापडाखालून नवी टेप काढली, घडलं ते सगळं सांगितलं आणि पुन्हा माप घेतलं. बेचाळीस.

साहेब स्टुलावर बसले.

"मास्तर, आमच्या खात्यात मोजणीची साखळी दर महिन्याला तपासायचो. ताणली गेली तर एखाद्याचा बांध सरकतो. तुम्ही बारा वर्षांत एकदाही तपासली नाहीत?"

"नाही."

"माझ्या हाताखाली असता तर घरी पाठवलं असतं तुम्हाला."

मास्तरांनी मान खाली घातली. लाज वाटत होती, पण मघापासून छातीवर बसलेलं ओझंही उतरलं होतं.

"थांबा," साहेब म्हणाले. "चार महिन्यांपूर्वी पहिलं माप घेतलंत, ते कुठल्या टेपनं?"

"हिनंच."

"तेव्हा भरलं होतं बेचाळीस." साहेबांनी खडू उचलला आणि कापायच्या टेबलावर आकडे मांडले. मांडता मांडता त्यांचे डोळे मोठे झाले. "म्हणजे तेव्हा मी चव्वेचाळीस होतो! अहो, चव्वेचाळीस! आणि हे डॉक्टरनं मला सांगू नये?" मग हळूहळू हसू फुटलं. "पण मग दोन इंच गेले ते खरेच गेले की!"

"गेले, साहेब," मास्तर म्हणाले. "आणि दोन राहिले."

"राहिले तर राहिले. गजर लावायचाच म्हणायचा." साहेब उठले. "पण गावभर तुमची जाहिरात मीच केलीय. आता लोकांना काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका. येईल त्याला मीच सांगेन."

"संध्याकाळपर्यंत समोरच्या दुकानात रांग लागेल," बाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनाही हसू आवरलं नाही.

साहेब झपाझप पावलं टाकत निघून गेले. मास्तरांनी नवी टेप गळ्यात अडकवली, जुनी टेबलावर सरळ केली आणि मोठी कात्री उचलली.

"अहो, थांबा जरा." मास्तरीणबाई दोन्ही हात वर करून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "कापायच्या आधी एकदा मला मोजा तिनं."