आपला क्रमांक अकरावा आहे

“अजून अकरावा नंबर,” फोन कानाला धरूनच ती म्हणाली.

सासूबाईंनी बाळाला खांद्यावर घेतलं. “चौथा दिवस आज. दाद देणारी नव्हेत ती कंपनीची माणसं. सोड नाद.”

“मुळीच नाही. थकायचं तर त्यांनी थकावं, आई. मी फोन ठेवणार नाही.”

वॉशिंग मशीन गेल्या बुधवारी रुसलं होतं. दिवा लागायचा, घुर्र करायचं, पाणी मात्र घ्यायचं नाही. तेव्हापासून दोन बादल्या कपडे ती रोज हातानं धूत होती. दुपटी पिळून पिळून बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या.

“मी बघू का उघडून?” ऑफिसला निघालेल्या नवऱ्यानं विचारलं.

“हात लावायचा नाही! वॉरंटी जाईल. मिक्सर उघडला होतास, तो अजून पिशवीत आहे.”

“बरं बाई. माझे मोजे कुठेत?”

तिनं नुसतं फोनकडे बोट दाखवलं. मोजे सापडले. त्याचे त्यालाच.

ती खुर्ची घेऊन बाल्कनीत गेली, दार लोटून घेतलं. कानात होल्डवरचं तेच संगीत. तळाशी कुठल्याशा यंत्रातून निघालेला लांब, मऊ सूर, पलीकडच्या खोलीत कुणी गाढ झोपल्यासारखा. त्यावर मधूनच गिटारची एक तार वाजायची आणि विरून जायची. पुढच्या तारेला काही घाई नव्हती. शब्द नव्हते, त्यामुळे कुणी काही मागतही नव्हतं.

“आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,” मध्येच एक बाई सांगायची. असं घरात कुणी म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

दार किलकिलं झालं. सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या.

“घे. नुसती गाणी ऐकत बसली असतीस तर चांगलं सुनावलं असतं. पण तू घरासाठी भांडतेयस. भांड. बाळाचं मी बघते. काल कुठवर आला होता नंबर?”

“पहिला. नेमकी तेव्हाच लाईन तुटली.”

“परवाही तसंच. मेले मुद्दाम करतात!”

दार लागलं. तिनं पाय कठड्यावर टाकले आणि डोळे मिटून घेतले. सातवा. चौथा. गिटार आता एकाच सुराभोवती रेंगाळत होती, कुशीवर वळणाऱ्या बाळासारखी.

तेवढ्यात सूर तुटला.

“नमस्कार मॅडम. काय तक्रार आहे?”

ती दचकली. बोट लाल बटणापर्यंत गेलं आणि थांबलं.

“मशीन पाणी घेत नाही.”

“मागचा नळ उघडा आहे ना? जरा बघून येता का?”

“बघायला कशाला हवं? मीच बंद केलाय,” ती हळू आवाजात म्हणाली. “आणि आजही उघडणार नाही. तुम्ही मला परत होल्डवर ठेवा.”