मेमरी टाकायची का

कॉम्प्युटरची स्क्रीन अडकली, तशी ती खुर्चीतून उठली आणि आतल्या खोलीत धावली. दुरुस्तीवाला बघतच राहिला. बिघाड दाखवायला त्याला बोलावलं, आणि बिघाड झाल्याबरोबर बाईच गायब.

आत तिने आईला खांद्याला धरून या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली, दोन घोट पाणी पाजलं. आईची एक बाजू लुळी पडली होती. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील, हे तिला कुणी वेगळं सांगायला नको होतं. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट घरी बसून टाइप करणं हेच तिचं काम. कूस बदलायचं हे वाक्य ती रोज चार वेळा टाइप करायची. दुसऱ्यांच्या आयांसाठी.

ती परत आली तेव्हा स्क्रीन तशीच होती आणि कॅमेऱ्याजवळचा हिरवा दिवा विझलेला.

"मेमरी कमी पडतेय, ताई. नवी टाकली की घोड्यासारखा पळेल."

मशीन पुन्हा सुरू झाल्यावर त्याने कोण किती मेमरी खातंय त्याची यादीच उघडून दाखवली. तिचं टायपिंग बिचारं तळाशी, चिमूटभर. सगळ्यात वर ऑफिसने बसवलेला पहारेकरी: मिनिटामिनिटाला तिचा फोटो काढणारा, खुर्ची रिकामी दिसली की 'गैरहजर' लिहिणारा. अर्ध्याहून जास्त मेमरी एकटाच गिळून बसलेला.

"ह्याला काढता येईल?"

"येईल की. त्याच्याबरोबर तुमची नोकरीपण निघेल." तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्यानेही तोंड आवरलं.

"म्हणजे माझ्यावर नजर ठेवणाऱ्याला मीच खायला घालायचं. माझ्या पैशाने."

टाकायची का, एवढंच त्याने विचारलं.

दिवसातून चार-पाच वेळा मशीन अडकायचं, तेव्हा पहारेकरीही आंधळा व्हायचा. तेवढीच मिनिटं आईची. पण अडकण्यापायी काम मागे पडत होतं. ऑफिसच्या दोन ताकिदी आल्या होत्या. तिसरीला नाव कट. मग आईची औषधं कशाने आणायची? साहेबांकडे तिने दर दोन तासांनी पाच मिनिटं मागून पाहिली होती. बाई ठेवा, साहेब म्हणाले. या पगारात ती कुठून ठेवायची, ते त्यांच्या तोंडातून निघालं नाही. मेमरी टाकली तरी मार आईलाच, न टाकली तरी आईलाच.

"टाका," ती म्हणाली.

दहा मिनिटांत काम झालं. तो गेला. हिरवा दिवा लागला. मशीन खरंच घोड्यासारखं पळायला लागलं. एक फाइल संपते न संपते तोच दुसरी समोर हजर. तास झाला, दोन झाले, अडीच झाले. दिवा एकदाही विझला नाही. तिने मान वळवली नाही.

आतून आई हळूच खोकली. मग थोडं मोठ्याने. लेकीला कामात हाक मारायची नाही, हे ती पाळून होती. शेवटी राहवेना.

"अगं, आज अजून अडकला नाही का गं तो?"