पहिला खळगा

काविळीच्या चाचणीची प्लेट लावताना प्रयोगशाळेतल्या ताई पहिल्या खळग्यात नेहमी एकाच जुन्या रुग्णाच्या रक्तातलं, साठवून ठेवलेलं सीरम स्वतःच्या हाताने घालत. आजार पक्का ठाऊक असलेला तो नमुना निळा झाला, की चाचणी बरोबर चालल्याची खात्री पटे.

"काय इमानी गृहस्थ आहेत हो ताई, एक दिवस दांडी नाही!" नवी सहकारी हसली. "पण आज त्यांची शेवटची कुपी संपली. उद्यापासून दुसरा कुणीतरी शोधावा लागणार."

रंग चढायचा थांबवणारं आम्ल खळग्याखळग्यात सोडत ती पहिल्यापाशी आली, तेव्हा ताईंनी तिचा हात धरला.



"त्यांना नको थांबवूस गं इतक्यात. एवढेच तर उरलेत आमचे हे."