तोमासाचं अंगण

न्यायाधीशबाईंनी आन्सेल्मो सुनिगांना उभं राहायला सांगितलं. ते गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठले. प्रतिवादी म्हणून ते ज्या खोलीत उभे होते, ती त्यांनीच बांधली होती. खोलीबाहेरचा रस्ता, पाण्याची टाकी, बोटींचा धक्का, सगळं पुएर्तो कांदेला गावच त्यांच्या मालकीचं होतं. होंडुरासच्या किनाऱ्यावर त्यांनी हे गाव तेरा वर्षांपूर्वी वसवलं होतं.

समोरच्या बाकावर तोमासा नोरालेस बसली होती. वय साठीच्या पुढे. कसावा नावाच्या कंदाच्या भाकऱ्या भाजून विकणारी. सोमवारी सकाळी आन्सेल्मोंच्या बुलडोझर मशीननं तिच्या अंगणाचं कुंपण पाडलं होतं, आणि दुपारी तिनं मालकावर तक्रार गुदरली होती.

गावात राहायला येणारा प्रत्येक माणूस एका करारावर सही करी. खाली आन्सेल्मोंचीही सही असे. त्यातल्या चौथ्या कलमाला त्यांनी कोणत्याही वकिलाचा हात लागू दिला नव्हता. एकदा ज्याला जागा दिली, त्याच्या संमतीवाचून ती मालकालाही परत घेता येणार नाही, मग कारण कितीही चांगलं असो.

आणि कारण चांगलंच होतं. गावाला हॉस्पिटल हवं होतं. शहर अडीच तासांवर, त्यात पावसाळ्यात पूल पाण्याखाली जाई. गेल्या वर्षी शाळेतली एक शिक्षिका पुलाच्या अलीकडे, गाडीतच दगावली होती. गावाभोवती बहुतेक दलदल; भक्कम जमीन होती ती तोमासाच्या घरामागे, आणि तिथे गाडी जायची तर तिच्या अंगणातूनच जाणार होती. नऊशे लोकांनी अर्जावर सह्या केल्या होत्या. दाढी करता करता न्हाव्यानंही ऐकवलं होतं, "गाव तुमचं आहे ना, मालक? मग एका बाईच्या चुलीपायी आम्ही मरायचं का?"

आन्सेल्मो थकले होते. तेरा वर्षं रोज कोणी ना कोणी येई. शेजाऱ्याचं रेडिओ-भजन बंद करा, त्या पाद्र्याला हाकला, अमक्याचं दुकान चालू देऊ नका. ते प्रत्येकाला करार वाचायला सांगत. सरकारच्या जाचाला कंटाळून ही माणसं इथे आली होती, आणि आता आन्सेल्मोंनीच सरकार व्हावं असं त्यांना वाटत होतं.

गावाचा कारभार त्यांचा जावई रुबेन पाही. मशीन त्यानंच पाठवलं होतं, सासऱ्यांना न विचारता. खटला उभा राहिल्यावर त्यानं तोडही सुचवली. मालकांनीच नेमलेल्या न्यायाधीशबाईंची मुदत शुक्रवारी संपत होती. मुदतवाढीच्या कागदावर मालकांनी सही करू नये, सुनावणी पुढे ढकलावी, मग जरा समजूतदार माणूस आणता येईल. आन्सेल्मोंनी ऐकून घेतलं. आज सकाळी सात वाजता त्यांनी त्या कागदावर सही केली आणि स्वतः चालत जाऊन तो बाईंच्या कचेरीत देऊन आले. तेव्हापासून रुबेन त्यांच्याशी बोलला नव्हता.

बाईंनी विचारलं, कुंपण कोणाच्या हुकमानं पडलं? आन्सेल्मोंनी रुबेनकडे पाहिलं नाही. मशीन आपलं आहे, तेव्हा जबाबदारीही आपली, असं ते म्हणाले. मग बाईंनी विचारलं, जागा मागायला तुम्ही स्वतः कधी गेला होता का? पत्रं गेली होती. रुबेन दोनदा गेला होता. ते स्वतः गेले नव्हते.

"मग आत्ता विचारा," बाई म्हणाल्या.

आन्सेल्मो तोमासाकडे वळले. "तोमासाबाई, हॉस्पिटलसाठी तुमचं अंगण हवंय. दुसरीकडे याहून मोठी जागा देतो, भट्टी बांधून देतो. द्याल का?"

खिडक्यांबाहेर जमलेले लोक पुढे सरकले. तोमासा नुसत्या विचारण्यासाठी अडून बसली असणार, आता देईल, असं सगळ्यांनाच वाटलं.

"नाही," तोमासा म्हणाली.

रुबेन ताडकन उठला. निदान कारण तरी सांगा, असं तो म्हणायला लागला. आन्सेल्मोंनी मागे न बघता त्याला थांबवलं. "कारण विचारायचं नाही. खाली बस."

मग त्यांनी बाईंना सांगितलं की कुंपण संध्याकाळपर्यंत पुन्हा उभं राहील. हॉस्पिटल दलदलीकडच्या बाजूला हलेल. भराव घालायला दोन वर्षं जास्त लागतील. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, आणि आपल्या हृदयाबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते ते त्यांनी घरातही कोणाला सांगितलं नव्हतं. बाहेर कोणीतरी म्हणालं, म्हातारा खचला.

गर्दी पांगल्यावर ते कचेरीच्या पायरीवर टेकले. छातीवर हात होता. तोमासा बाहेर आली, दोन पावलं पुढे गेली आणि परत फिरली. बरं वाटत नाहीये का, पाणी आणू का, असं तिनं विचारलं. गावात त्यांना मालक न म्हणणारी ती एकटीच होती.

"बसा जरा," आन्सेल्मो म्हणाले. ती पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली.

 समुद्राकडे बघत ते सांगायला लागले. ते अकरा वर्षांचे होते. वडिलांची लाकडाची वखार होती, आजोबांपासूनची. एका दुपारी एक कर्नल आला. खुर्चीत बसून त्यानं कॉफी घेतली, साखर मागून घेतली. फाटकाशी त्याचे चार शिपाई बंदुका घेऊन उभे होते. कर्नल आवाज न चढवता बोलला. सैन्याला वखारीची गरज आहे, देशाचं काम आहे, द्याल का, असं त्यानं अगदी अदबीनं विचारलं.

"मग वडील काय म्हणाले?" तोमासानं विचारलं.

"हसले," आन्सेल्मो म्हणाले. "हसून म्हणाले, घ्या ना."