ऐंशी डाव्या बाह्या

गोष्ट २०२२ सालची. राजापेठेतल्या मनकर्णाबाईंच्या शिवणघरात शाळेच्या गणवेशाचं काम आलं होतं, आणि चाळीस शर्टांच्या ऐंशी बाह्या सगळ्याच्या सगळ्या डाव्या निघाल्या.

कात्री हमिदाची होती. महिन्यापूर्वीच ती काजं-बटणं सोडून कटिंगच्या टेबलावर आली होती. कापडाचे थर मात्र सकाळी लवकर येऊन बाईंनीच घातले होते. सुलट-उलट बाजू असलेलं कापड सुलटीवर सुलट असं समोरासमोर घालायचं, तेव्हा डावी-उजवी जोडी निघते. बाईंनी सगळे थर एकाच तोंडानं घातले. हमिदानं बाईंचा हात म्हणून तपासलं नाही, आणि कापलं.

शनिवारी डबे झाल्यावर सगळ्या गोल बसल्या. शनिवारचा रिवाज बाईंनीच पाडलेला: झालेलं उगाळायचं नाही. पुढच्या वेळी काय करावं, तेवढंच एकमेकींना सांगायचं. ऐकणारीनं फक्त 'बरं' म्हणायचं. बाईंनाही सूट नव्हती.

हमिदानं कात्री आधीच पिशवीत घातली होती. सोमवारपासून पुन्हा बटणं, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

"काय वो हमिदा, त्या शाळेत सारे डावखुरेच हायेत काय?" मशीनवरची रागिणी म्हणाली. सगळ्या हसल्या.

"रागिणे, मागचं नाही. पुढचं बोल," बाई म्हणाल्या.

"पुढच्या वेळी कापाच्या आधी एक थर उलटून पाहून घे."

"बरं."

मग बाई हमिदाकडे वळल्या. आवाज मऊच होता. "पुढच्या वेळी मी घातलेले थर हलवू नको, माय."

तिनं थराला हातही लावला नव्हता.

"बरं," ती म्हणाली.

आता बाईंना सांगायची पाळी तिची. सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या.

"बाई, पुढच्या वेळी थर आपण दोघी मिळून घालू. एक टोक तुमी धरा, एक मी. अन् खिडकीपाशी घालू, तिथं उजेड चांगला हाय."

बाईंनी समोरची एक बाही उचलली, डोळ्यांपाशी नेली, उलटली, पुन्हा सुलटी केली. बोटांनी चाचपली. बराच वेळ.

"बरं," त्या म्हणाल्या. मग हमिदाच्या पिशवीतून कात्री काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

दिवाळीनंतर बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्या अचलपूरला लेकीकडे असतात, सुईत दोरा स्वतः ओवतात. रागिणीनं परतवाड्याला दुकान टाकलं. राजापेठेतलं टेबल हमिदा सांभाळते. ते आता खिडकीपाशी आहे, आणि थर घालायला तिथं दोघी लागतात. उरलेल्या डाव्या बाह्यांतली एक शिवून तिचं एक तोंड हमिदानं बंद केलंय. तिची कात्री त्या बाहीत असते.