झाडावरून कुणी उतरवला?

अमेरिकेतल्या एका निग्रो कवीची कविता मी मराठीत आणत होतो. गोऱ्यांच्या जमावाने एका काळ्या तरुणाला झाडावर लटकवून मारलेलं असतं. कवी म्हणतो, हाच माझा येशू आणि हे झाड म्हणजे त्याचा क्रूस. त्या ओळी मी रात्री पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचायचो.

महारवाड्यातला सोनबा पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर जायचा आणि रविवारी आमची लाकडं फोडायला यायचा. याला तरी ही कविता भिडेल, असं वाटून मी ओसरीवरून ती त्याला वाचून दाखवली. तो अंगणात उकिडवा बसून ऐकत राहिला.

"मास्तर, त्याला झाडावरनं खाली कुनी उतरवला?"

"ते कवितेत नाही."

"त्याच्याच मानसांनी उतरवला असंल. असल्या मढ्याला दुसरं कोन शिवतंय?"

काय मार्मिक बोलला! मी ते लगेच वहीत टिपून घेतलं.

सोनबाने कुऱ्हाड उचलली. "माझा धाकला भाऊ, भैरू, त्यो पाटलाच्या हिरीवर पानी प्याला म्हनून त्या समुरच्या चिंचंला बांधून त्याला जीव जाईस्तवर मारला. दोर आमीच सोडला. तुमी तवा हितंच बसला व्हता."

होतो. मुलांच्या वह्या तपासत होतो. त्या गलक्यात लक्ष लागेना, म्हणून वह्या उचलून आत गेलो आणि दार लावून घेतलं.